सुबक व नामनिर्देशित आकृती

स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने दोन पर्याय दिले होते: शाळेच्या आठवणी, नाहीतर आवडत्या व्यक्तीवर लेख. आठवणी बाकीचे माझ्यापेक्षा जास्त रंगवून लिहितील याची खात्री असल्याने मी दुसरा पर्याय घेतला. तरी ज्यांच्यावर लिहितेय त्यांच्याशी आपल्या वर्गाचा थोडा संबंध आहेच. दहावीच्या पेपरात चेतापेशीची सुबक व नामनिर्देशित आकृती काढा असा प्रश्न हमखास असायचा. चांदणीसारखी एक पेशी, तिच्या आखूड फांद्या, एक लांब शेपटी आणि शेपटीच्या टोकाला पुन्हा फाटे. अशी एक सुटी पेशी कागदावर काढता येते, तिला स्वतःची कड असते, सुरुवात आणि शेवट असतो, हे ज्या माणसाने जगाच्या गळी उतरवलं त्याचं नाव आपल्या पुस्तकात नव्हतं. सान्तियागो रामोन इ काहाल, माद्रिद विद्यापीठातले हिस्टॉलॉजीचे, म्हणजे ऊतिशास्त्राचे प्राध्यापक.

गंमत म्हणजे त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचं नाव मात्र आपण पाठ केलं होतं. पेशीच्या आकृतीत बाण काढून आपण गॉल्गी संकुल लिहायचो ना, ते इटलीतले कामिल्लो गॉल्गी. या दोघांना १९०६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, आणि दोघांची मतं एकमेकांच्या बरोबर विरुद्ध होती.

मी सॉफ्टवेअरवाली. अकरावीला जीवशास्त्र सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्यांपैकी एक. त्यामुळे काहालांची ओळख फार उशिरा झाली. २०१८ च्या सुरुवातीला कंपनीच्या कामासाठी न्यू यॉर्कला गेले होते, तेव्हा तिथल्या विद्यापीठाच्या कलादालनात त्यांच्या सुमारे ऐंशी मूळ चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. आमच्या क्षेत्रात न्यूरल नेटवर्क हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो, म्हणून केवळ कुतूहलाने आत गेले. लहान लहान कागद होते. शाईच्या रेघांखाली पेन्सिलच्या खुणा दिसत होत्या आणि चुकलेल्या जागी पांढरा रंग लावून दुरुस्ती केलेली होती. जर्नलमध्ये शेडिंग केलं की आपल्या बाई लाल फुली मारायच्या आणि ठिपके द्यायला लावायच्या, ते आठवलं. परत आल्यावर त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. त्यातलं मला जे महत्त्वाचं वाटलं ते इथे सांगते.

काहालांचा जन्म १ मे १८५२ चा, उत्तर स्पेनमधल्या पेतिया दे आरागोन या डोंगरी खेड्यातला. वडील हुस्तो रामोन गरीब शेतकरी घरातले. एका गावठी शल्यवैद्याकडे राबून, पै-पै जमवून, पायपीट करून ते डॉक्टर झाले होते. त्या काळी तिकडे दाढी करणारा आणि गळू फोडणारा बहुधा एकच असे. अशा परिस्थितीतून वर आलेल्या बापाला मुलाने चित्रं काढत बसावं हे कसं रुचणार? सान्तियागो मात्र भिंतीवर, पुस्तकाच्या समासात, मिळेल तिथे चित्रं काढायचा. शेवटी वडिलांनी त्याचं एक चित्र गावात चर्चच्या भिंती रंगवायला आलेल्या रंगाऱ्याला दाखवलं आणि त्याचं मत विचारलं. रंगाऱ्याने चित्र निकालात काढलं, आणि घरातला चित्रकलेचा विषय तिथेच मिटला. परीक्षक कोण, तर चुना मारणारा! आपल्याकडे शेजारच्या काकांना विचारून मुलाची शाखा ठरते, त्यातलाच प्रकार.

मुलगाही काही कमी नव्हता. अकरा वर्षांचा असताना त्याने लाकडी तुळई पोखरून, तिला तार आणि दोर गुंडाळून खरीखुरी तोफ केली आणि शेजाऱ्याच्या बागेचं नवंकोरं फाटक उडवलं. त्यासाठी काही दिवस गावच्या कोठडीत काढले, आणि वडिलांनी या शिक्षेला आनंदाने मान्यता दिली. हाका गावातल्या पाद्र्यांच्या शाळेत लॅटिन पाठ होईना म्हणून मार खाल्ला, उपाशी कोंडून घेतलं गेलं. मग वडिलांनी शिक्षा म्हणून एकदा न्हाव्याकडे आणि एकदा चांभाराकडे उमेदवारीला ठेवलं. जोडे शिवण्यात पोरगं चांगलं तयार झालं, हे जाता जाता सांगायला हवं. पुढे आयुष्यभर हातांनीच काम करायचं होतं.

काहालांची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक इथे बापाला खलनायक करतात. मला ते पटत नाही. १८६८ च्या उन्हाळ्यात याच बापाने सोळा वर्षांच्या मुलाला चांदण्या रात्री जुन्या कबरस्तानाच्या भिंतीवरून आत नेलं, उघड्यावर पडलेली हाडं गोळा केली आणि घरी आणून एकेक हाड शिकवायला सुरुवात केली. मुलाने ती हाडं चित्रातून पाठ केली. पाठांतराला वैतागलेल्या मुलाला कळलं की जे काढता येतं ते लक्षात राहतं. पुढे दोघांनी मिळून सारागोसात शरीरविच्छेदन केलं. मुलाच्या रंगीत चित्रांचा शरीररचनेवरचा मोठा संग्रह छापायचं स्वप्न बापानेच पाहिलं होतं, पण तशी छपाई तिथे होत नव्हती म्हणून ते राहिलं. ज्याने चित्रकला बंद केली त्यानेच ती मागच्या दाराने घरात घेतली, असं मला वाटतं. आपल्या ग्रुपवर सध्या मुलांच्या ॲडमिशनची चर्चा चालू आहे, म्हणून हे थोडं लांबण लावून लिहिलं.

१८७३ ला सारागोसातून वैद्यकाची पदवी मिळाली. लगेच सक्तीची लष्करभरती झाली आणि क्यूबात रवानगी झाली. तिथे दलदलीतल्या छावणीच्या इस्पितळात आजाऱ्यांचं अन्न वरचे अधिकारी लंपास करत. त्यावरून ते भांडले आणि मलेरियाने खंगून १८७५ ला परत आले. थकलेला पगार मिळाला त्यातून घरी छोटी प्रयोगशाळा थाटली, पुढे एक चांगला सूक्ष्मदर्शक हप्त्यांवर घेतला. १८७८ ला रक्ताची उलटी झाली आणि क्षय निघाला. डोंगरातल्या हवेत राहून, फोटोग्राफीत मन रमवून त्यातून ते उठले. पुढच्या वर्षी घरच्यांचा विरोध असताना सिल्वेरिया फान्यानास हिच्याशी लग्न केलं. नवरा-बायको घरी फोटोच्या काचा तयार करत आणि त्या विकल्याही जात.

मग व्हॅलेन्सियात शरीररचनाशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं. १८८५ च्या कॉलऱ्याच्या साथीवर त्यांनी अहवाल लिहिला, त्याबद्दल सारागोसाच्या प्रांतिक सरकारने पैशाऐवजी झाइस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. स्पेनमधल्या एका प्राध्यापकाच्या टेबलावर आता जर्मन प्राध्यापकांच्या तोडीचं यंत्र आलं. १८८७ ला ते बार्सिलोनाला हिस्टॉलॉजीच्या अध्यासनावर गेले, आणि आयुष्यभर हाच त्यांचा विषय राहिला.

इथे जरा थांबून तेव्हाचा प्रश्न काय होता ते सांगते. सजीव पेशींचा बनलेला असतो हे तोवर मान्य झालं होतं. मेंदू मात्र त्यात बसत नव्हता. भिंगाखाली मेंदूची चकती धरली की दिसायचा तो धाग्यांचा गुंता. कुठला धागा कुठल्या पेशीचा आणि तो कुठे संपतो, काही कळायचं नाही. त्यामुळे बहुतेक मोठे शास्त्रज्ञ म्हणत की मेंदू म्हणजे एकसंध जाळं आहे, सगळे तंतू एकमेकांत मिसळलेले, शहराच्या नळांसारखे. गॉल्गी या मताचे आघाडीचे पुरस्कर्ते.

आणि या गुंत्यातून वाट काढणारी युक्तीही गॉल्गींचीच होती. १८७३ ला आब्बियातेग्रासो इथल्या असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात स्वयंपाकघराची प्रयोगशाळा करून त्यांनी ती शोधली. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचा. होतं असं की शंभरातल्या मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण ज्या होतात त्या शेवटच्या फाट्यापर्यंत पूर्ण. बाकीच्या पिवळसर पार्श्वभूमीत अदृश्य राहतात. नेमक्या त्याच पेशी का निवडल्या जातात हे आजही पुरतं उलगडलेलं नाही. ही पद्धत मोठी लहरी होती. दहा वेळा करावी तेव्हा एकदा जमायची, म्हणून चौदा वर्षं तिच्याकडे फारसं कोणी पाहिलं नव्हतं. १८८७ ला काहाल परीक्षक म्हणून माद्रिदला गेले असताना लुईस सिमार्रो या डॉक्टरांनी पॅरिसहून आणलेली अशी एक चकती त्यांना आपल्या घरी दाखवली. त्यानंतर काहालांनी दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल.

त्यांनी पद्धतीत दोन बदल केले. एक, चांदीची क्रिया दोनदा करायची, म्हणजे रंग भरवशाचा बसतो. दुसरा बदल मला एखाद्या चांगल्या प्रोग्रामरचा वाटतो. मोठ्या सिस्टिममध्ये दोष सापडत नसेल तर आम्ही तो दोष दाखवणारी लहानात लहान सिस्टिम तयार करतो आणि तिच्यात शोधतो. काहालांनी पूर्ण वाढलेला मेंदू बाजूला ठेवला आणि पक्ष्यांचे व प्राण्यांचे गर्भ, नवजात पिल्लं घेतली. या वयात तंतूंवरचं चरबीचं आवरण आलेलं नसतं, त्यामुळे रंग आतपर्यंत पोहोचतो. अंतरं कमी असतात, म्हणून एक पेशी एकाच चकतीत सबंध मावते.

१८८८ हे वर्ष त्यांचं. बार्सिलोनातल्या घरी दिवसरात्र काम चाललं होतं. निष्कर्ष इतक्या वेगाने येत होते की कुठलं नियतकालिक पुरं पडेना. मग स्वतःच हिस्टॉलॉजीचं एक त्रैमासिक काढलं. त्याच्या मेमधल्या पहिल्या अंकाच्या प्रती फक्त साठ, खर्च पदरचा, आणि लेखक बहुतेक एकटे काहाल. पाच लहान मुलं सांभाळणाऱ्या सिल्वेरियाने घरातली मोलकरीण बंद केली, कारण पगार छपाईत जात होता. मेंदूविज्ञानाच्या इतिहासात हा खर्च कुठल्या नावावर मांडलेला नाही. साठातल्या बऱ्याच प्रती त्यांनी परदेशातल्या नावाजलेल्या प्राध्यापकांना पाठवल्या. उत्तरं आली नाहीत, कारण अंक स्पॅनिशमध्ये होता आणि ती भाषा त्या वर्तुळात कोणी वाचत नव्हतं.

त्या पहिल्या अंकातला लेख होता पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कावर. त्यांना दिसलं की काही पेशींचे तंतू मोठ्या पर्किन्ये पेशींभोवती टोपलीसारखे विणले जातात आणि तिथेच संपतात. आत शिरत नाहीत, मिसळत नाहीत. दुसरे काही तंतू झाडावर चढणाऱ्या वेलीसारखे फांद्यांना लगटून जातात, पण वेल वेगळी राहते आणि झाड वेगळं. पर्किन्ये पेशींच्या फांद्यांवरचे बारीक काटेही त्यांनीच नोंदवले. इतर म्हणत होते की ती रंगाची जळमटं आहेत. आज आपण जाणतो की मेंदूतल्या बहुसंख्य जोडण्या या काट्यांवरच होतात.

आता एक अडचण, जिच्यावर मी बराच वेळ विचार केला. दोन चेतापेशींमधली फट सुमारे वीस नॅनोमीटरची असते. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून दोनशेच्या खालचं काही वेगळं दिसत नाही. म्हणजे ज्या फटीवरून काहालांनी जगाशी वाद घातला ती त्यांना दिसली असणं शक्यच नव्हतं. त्याशिवाय त्यांची कितीतरी चित्रं एका पेशीची नाहीतच. सकाळी अनेक चकत्या बघायच्या, दुपारी बऱ्याचदा आठवणीतून काढायचं, आणि दहा पेशींत जे समान ते एका पेशीत उतरवायचं. मग हा पुरावा कसा? गॉल्गीही उत्तम चित्रकार होते आणि त्यांच्या चित्रात जाळं होतं.

मला सापडलेलं उत्तर असं. काहाल एकाच खुणेवर थांबले नाहीत. रंग नेहमी पेशीच्या कडेला येऊन थांबतो, शेजारच्या पेशीत ओघळत नाही. नळ जोडलेले असते तर ओघळला असता. अनुमस्तिष्क, मग डोळ्याचा पडदा, मग मज्जारज्जू, मग गंधाचे अवयव, जिथे पाहावं तिथे मोकळी टोकं. आणि १८९० ला गर्भात त्यांना वाढत्या तंतूच्या टोकाशी एक फुगीर शंकू दिसला, वाट चाचपडत पुढे सरकणारा. जो तंतू एका पेशीतून निघून वाढत वाढत दुसरीपर्यंत जातो तो मुळात जोडलेला नव्हता, हे उघड आहे. एकेक खूण कच्ची म्हणता येईल, पण इतक्या जागी, इतक्या प्राण्यांत सगळ्या खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात तेव्हा उलट बाजूला फार कमी जागा उरते. काढलेलं चित्र हा त्यांचा दावा होता. तो खोटा ठरवायचा असेल तर काचपट्टी टेबलावर होतीच.

आणि काचपट्ट्या टेबलावर ठेवायला ते स्वतः गेले. ऑक्टोबर १८८९ मध्ये बर्लिनला जर्मन शरीररचनाशास्त्र संघटनेची परिषद होती. पत्रांना उत्तर येत नाही म्हटल्यावर काहालांनी साठवलेले पैसे घेतले, झाइसचा सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्या बांधल्या आणि आगगाडीने बर्लिन गाठलं. प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्यांनी यंत्रं मांडली आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला बोलावून भिंगाखाली बघायला लावलं. सुरुवातीला लोक जरा संशयानेच येत होते. मग व्यूर्झबुर्गचे अल्बर्ट क्योलिकर आले, बहात्तर वर्षांचे, या विषयातलं युरोपातलं सर्वांत वजनदार नाव, आणि स्वतः जाळ्याच्या मताचे. त्यांनी बघितलं, पुन्हा बघितलं, आणि काहालांना गाडीत घालून आपल्या उतरण्याच्या ठिकाणी नेलं, रात्रीच्या जेवणाला मंडळींशी ओळखी करून दिल्या. नंतर त्यांनी ते प्रयोग स्वतः करून पाहिले, जुनं मत सोडलं आणि काहालांचे लेख वाचता यावेत म्हणून त्या वयात स्पॅनिश शिकायला घेतलं. या लेखात काहालांइतकाच मला हा म्हातारा आवडतो.

परतीच्या वाटेवर काहाल पावियाला गॉल्गींना भेटायला गेले. गॉल्गी गावात नव्हते. दोघांची गाठ पडायला आणखी सतरा वर्षं जायची होती.

पुढचं भराभर घडलं. १८९१ ला बर्लिनच्या वाल्डायर यांनी हे सगळं एकत्र मांडून चेतापेशीला न्यूरॉन हे नाव दिलं. त्यांचं स्वतःचं संशोधन त्यात फारसं नव्हतं, पण नाव त्यांचं राहिलं. काहालांनी त्याच सुमारास संदेशाची दिशा सांगितली: फांद्यांकडून आत, लांब तंतूवाटे बाहेर. आपण आकृतीत जो बाण काढायचो तो हाच. १८९२ ला माद्रिदचं अध्यासन मिळालं. १८९४ ला लंडनच्या रॉयल सोसायटीने मानाच्या व्याख्यानाला बोलावलं, केंब्रिजने डॉक्टरेट दिली. बौद्धिक सरावाने पेशींच्या जोडण्या वाढू शकतात हा विचार त्यांनी त्या व्याख्यानात मांडला होता. पंचेचाळिशीच्या आसपास असलेल्या आपल्या बॅचला तो सोयीचा आहे. चेतासंस्थेच्या रचनेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८९७ ते १९०४ या काळात खंडाखंडाने निघाला. सरकारने माद्रिदमध्ये प्रयोगशाळा काढून दिली तेव्हा देऊ केलेलं दहा हजार पेसेतांचं मानधन त्यांनी सहा हजारांवर आणायला लावलं. १९०६ ला शिक्षणमंत्रिपद नाकारलं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्टॉकहोमला दोघं प्रथमच समोरासमोर आले. आधी गॉल्गींचं भाषण झालं. त्यांनी सगळा वेळ न्यूरॉनचा सिद्धांत मोडीत काढण्यात घालवला, ज्या सिद्धांतासाठी शेजारी बसलेल्या माणसाला तेच पारितोषिक मिळत होतं. दुसऱ्या दिवशी काहाल बोलले आणि त्यांनी आपली निरीक्षणं मांडली. एका पारितोषिकाचे दोन मानकरी, एकाची पद्धत आणि दुसऱ्याचा निष्कर्ष. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळलं की मेंदूत काही ठिकाणी पेशी खरोखरच थेट नळ्यांनी जोडलेल्या असतात. गॉल्गी अगदीच चूक नव्हते, पण त्यांना हवं होतं तेवढं जाळं कधीच सापडलं नाही.

काहालांविषयी फक्त चांगलंच लिहिलं तर आपल्या वर्गात कोणी विश्वास ठेवणार नाही. तरुण संशोधकांसाठी त्यांनी सल्ल्याचं पुस्तक लिहिलं, ते आजही वाचलं जातं. त्यात वैज्ञानिकाने कशा प्रकारची बायको करावी यावरही विवेचन आहे, स्त्रियांचे प्रकार पाडून. ते वाचताना मला सिल्वेरियाची आठवण येत होती आणि हसू येत नव्हतं. दुसरीकडे त्यांच्याच प्रयोगशाळेत मानुएला सेर्रा ही तरुण तंत्रज्ञ काम करत होती आणि १९२१ ला तिचा शोधनिबंध एकट्या तिच्या नावावर प्रसिद्ध झाला. माणूस पुस्तकात एक लिहितो आणि कामाच्या जागी दुसरं वागतो. इथे वागणं बरं होतं.

पीओ देल रिओ-ओर्तेगा यांच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. हे त्यांच्याच प्रयोगशाळेतले, हातखंडा कारागिरीचे. मेंदूत चेतापेशींशिवाय ज्या आधारपेशी असतात त्यांच्यातला एक गट काहालांना नीट रंगवता आला नव्हता, तो त्यांनी तिसरा घटक म्हणून मोघम ठेवला होता. रिओ-ओर्तेगांनी चांदीच्या नव्या पद्धतीने त्याचे दोन वेगळे प्रकार दाखवले. त्यातला मायक्रोग्लिया १९१९ चा, म्हणजे मेंदूतल्या साफसफाईच्या आणि संरक्षणाच्या पेशी. गुरूने हे सहज स्वीकारलं नाही. त्यात प्रयोगशाळेतल्या कागाळ्या आणि मानापमान मिसळले, आणि १९२० ला काहालांनी त्यांना बाहेर काढलं. काहाल ज्या सरकारी संशोधन मंडळाचे अध्यक्ष होते त्याच मंडळाने पुढे रिओ-ओर्तेगांना माद्रिदमध्येच वेगळी प्रयोगशाळा दिली, म्हणजे दार पूर्ण बंद झालं नाही. पण साठ प्रती पाठवून उत्तराची वाट बघितलेला माणूस तीस वर्षांनी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसला होता आणि क्योलिकरसारखं वागणं त्याला जमलं नाही. माझ्या क्षेत्रात सीनियर होत गेलेल्या कोणालाही हा भाग वाचताना अस्वस्थ वाटेल. मला वाटलं.

सत्तरीला, १९२२ मध्ये ते प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले. फेर्नान्दो दे कास्त्रो, राफाएल लोरेन्ते दे नो अशी शिष्यांची फळी मागे होती. १९३० ला सिल्वेरिया गेली. १९३३ ला, एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी पुन्हा एकदा न्यूरॉन की जाळं हाच प्रश्न घेऊन पुस्तक काढलं, कारण जाळ्याचं मत अधूनमधून डोकं वर काढतच होतं. १७ ऑक्टोबर १९३४ ला माद्रिदमध्ये त्यांचं निधन झालं. पुढच्या वर्षाच्या तारखेच्या पन्नास पेसेतांच्या नोटेवर त्यांचा चेहरा आला. दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली.

आमच्या न्यूरल नेटवर्कचा मूळ गणिती नमुना १९४३ चा, मॅकुलक आणि पिट्स यांचा. त्यात सुट्या पेशी आहेत, त्यांच्यात जोडण्या आहेत आणि प्रत्येक जोडणीला दिशा आहे. मेंदू एकसंध जाळं मानला असता तर हा नमुना सुचायला जागाच नव्हती. २०२४ मध्ये फळमाशीच्या पूर्ण वाढलेल्या मेंदूचा सबंध नकाशा प्रसिद्ध झाला: सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी आणि त्यांच्यातल्या कोट्यवधी जोडण्या. चकत्या करायच्या, पेशी सुटी करायची, तिच्या कडेने जात राहायचं. पद्धत तीच, फक्त रेघ ओढायला संगणक, आणि त्याच्या चुका दुरुस्त करायला पुन्हा माणसंच बसली होती.

काहालांची जवळजवळ तीन हजार चित्रं आणि हजारो काचपट्ट्या माद्रिदच्या संस्थेत जपलेल्या आहेत. २०१७ ला युनेस्कोने त्यांची आणि त्यांच्या शिष्यांची कागदपत्रं जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत घेतली. या शतकात संशोधकांनी त्या जुन्या काचपट्ट्या बाहेर काढून नव्या सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहिल्या, त्यांचे फोटो घेतले. शंभराहून अधिक वर्षांनंतरही चांदीने काळ्या झालेल्या पेशी त्यांच्यावर दिसतात.